डेडस्टॉक

जांभळं

कात्री बोटभर आत गेली आणि स्वप्नालीचा हात जागच्या जागी थांबला.

टेबलावर नऊवारी लुगडं पसरलं होतं. पुरतं नव्हे, निम्मंच. बाकीचं निम्मं मागच्या आठवड्यात झुंबरबाईनं कापलं होतं, त्याच्या सपाता शिवून झाल्या होत्या आणि त्या हॉटेलात गेल्याही होत्या. जांभळा रंग, पिवळे काठ. नेहमीसारखा माल. स्वप्नालीनं घडी उलगडली, कापायला घेतलं, आणि मग तिला दिसलं की टोकाला, काठापासून वीतभर आत, एक तिकोनी भोक आहे.

उंदरानं कुरतडलेलं नव्हे. कात्रीचंही नव्हे. कडा ओढलेल्या, दोरे लोंबणारे. दातानं फाडल्यासारखं.

दातानंच फाडलं होतं. तिच्याच.

यवतच्या दुकानातून निघून कासुर्डीकडं जाताना ती जीपमध्ये मागं बसून कापडावरचं किमतीचं स्टिकर काढत होती. नखानं निघेना. आईच्या अंगावर किमतीसकट कापड कसं घालायचं, एवढा एकच विचार डोक्यात. आई गेली हा विचार त्याच्या मागं कुठंतरी उभा होता. शेवटी तिनं दातात धरून हिसडा दिला. स्टिकर आलं, कापडही आलं. तिकोनी तुकडा जिभेवर, खळीची चव. तो तिनं खिडकीतून थुंकला आणि मग ती रडली.

लेकीचं लुगडं म्हणून तिनं ते आईच्या, कुशाबाईच्या, अंगावर घातलं. त्यावर मामांचं आलं, मावश्यांचं आलं, व्याह्यांचं आलं. तिरडी उचलली. बायका चौकातून मागं फिरतात, तशी तीही फिरली. पुढं आई जळाली. लुगडंही जळालं.

गेल्या उन्हाळ्यात जळालं होतं ते.

आणि ते इथं होतं. वडगाव रासाईत, पत्र्याच्या शेडमध्ये, तिच्याच कात्रीच्या तोंडात.

"काय गं, कात्री अडली का?" पलीकडच्या मशीनवरून झुंबरबाईनं विचारलं. झुंबरबाई नात्यानं तिची चुलत सासू, कामानं तिची कारागीर, आणि तोंडानं दोन्हीपेक्षा वरची.

"न्हाई, आत्या."

"मग श्वास तरी घे की."

म्हणजे कुणीतरी

म्हणजे कुणीतरी आईच्या

म्हणजे कुणीतरी आईच्या लुगड्यावर पाय ठेवून, एसी लावलेल्या खोलीत, दात घासत असेल.

टिकाऊ

हे सगळं सुरू झालं ते हॉटेलच्या प्रांजल मॅडममुळं. कासुर्डीच्या अलीकडं, सोलापूर हायवेला, नीलमोहोर नावाचं नवं रिसॉर्ट झालं होतं. प्रांजल तिथं खरेदी बघायची. वयानं लहान, बोलायला गोड, मालाच्या बाबतीत सुईसारखी. खोलीत पाहुण्यांसाठी ठेवतात त्या सपाता तिला गावातून शिवून हव्या होत्या. आधी सपाता, त्या जमल्या तर उशांचे अभ्रे, पडदे, अंघोळीनंतरचे झगे, सगळंच.

"प्लॅस्टिक नको, फोम नको, शिवायला पॉलिस्टरचा दोरासुद्धा नको," प्रांजल म्हणाली होती. "सस्टेनेबल पाहिजे."

स्वप्नालीनं शेडवर येऊन बायकांना सांगितलं, "टिकाऊ पाहिजे."

टिकाऊ म्हटल्यावर बायका इरेला पेटल्या. सगळीकडं दुहेरी शिवण आणि पट्टा जिथं तळाला मिळतो तिथं तिहेरी. गावातलीच रशिदा, शिवणकामात सगळ्यांत सफाईदार, पहिला नमुना दोन्ही हातांनी ताणून म्हणाली, "हॉटेल पडंल, पण ही फाटायची न्हाई."

पण कशाची शिवायची, हेच ठरत नव्हतं. ज्यूटची केली, तर प्रांजल म्हणाली, टोचते. केळीच्या सोपटाच्या धाग्याची केली, दिसायला रेशमासारखी. रशिदा ती घालून ओल्या फरशीवर दोन पावलं गेली आणि थेट भिंतीला सलाम ठोकून आली. उसाच्या चिपाडाचा पुठ्ठा दाबून तळ केला, तर त्याला मुंग्या लागल्या. रात्रीत लागल्या, आणि त्यासुद्धा लाल. प्रांजलनं स्वतःहून बांबूच्या कापडाचा तुकडा पाठवला. झुंबरबाईनं तो गालाला लावला, उजेडात धरला, परत दिला. "बांबूनं घर शाकारत्यात. मॅडमला म्हणावं, पाय पुसायचेत का पाऊस अडवायचाय?"

शेवटी तळाला काथ्याची दाबलेली चटई पास झाली. राहिलं वरचं कापड, जे पायाला लागतं ते.

प्रांजल म्हणाली, "वापरलेलं कापड पाहुण्यांना चालणार नाही. आणि नवं विणलेलं मला चालणार नाही; त्याला पाणी लागतं, रंग लागतो. कुणी न वापरलेलं, पण आधीच बनून पडलेलं, असं हवं. त्याला डेडस्टॉक म्हणतात."

स्वप्नालीनं मान हलवली. शब्द तिनं घरी जाईपर्यंत तोंडात घोळवला, विसरू नये म्हणून.

दौंडला रेल्वेलाइनच्या कडेला सिद्दीकभाईंचं चिंध्यांचं गोडाऊन. त्यांना सगळे सिद्दीकचाचा म्हणत. तालुक्यातले जुने कपडे, मिलचे तुकडे, पोती, सगळं त्यांच्याकडून फिरायचं. स्वप्नाली तिथं गेली आणि दारातूनच म्हणाली, "चाचा, डेडस्टॉक पाहिजे."

चाचांनी हातातला काटा खाली ठेवला. "डेडचा?"

"व्हय. सुती पाहिजे. कोरं. कुणी अंगाला न लावलेलं. लुगडी असली तर बरं, पन्हा मोठा मिळतो. एकेक नग असला तरी चालंल, रंग वेगवेगळे असू देत. फक्त नेसलेलं नको."

"तुला चालतंय?"

"मला तेच पाहिजे."

"आन् तुझ्या बायकांना?"

"त्यांना काय, त्यांनी शिवायचं."

"न्हाई, लोक कुरकुर करत्यात म्हणून विचारलं." चाचांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं, जसं माणूस आपल्या पोरीच्या वयाच्या बाईकडं अचानक आदरानं बघतो. "तू हिंमतीची हायस. असा माल माझ्याकडं पडून असतो, कुणी घेत न्हाई."

तिला वाटलं होतं, रंग एकसारखे नाहीत म्हणून कुणी घेत नसेल.

फोन, दौंडला

"चाचा, स्वप्नाली बोलतीय. लुगड्यांचा माल कुठनं आणता?"

"का? काय डाग निघाला का? मी धुऊन देतो, पण गुलाल एका पाण्यात—"

"कुठनं आणता?"

"कुठनं म्हंजी? गावोगावच्या मयतावरनं."

तिनं टेबलाची कड धरली.

"हॅलो? पोरी?"

"मी डेडस्टॉक म्हणलं होतं."

"व्हय की. मला बरं वाटलं. बाकीचे आडून आडून बोलत्यात, 'वरचं कापड', 'तिकडचं कापड'. तू स्पष्ट बोललीस. डेडचा स्टॉक."

"तसं न्हाई चाचा. डेडस्टॉक म्हणजे... मिलमध्ये पडून राहिलेला माल. न खपलेला."

पलीकडं एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत दोघंही फोन कानाला लावून उभे होते.

"पोरी," चाचा म्हणाले, "कोरं सांगितलंस. सुती सांगितलंस. नऊवारी, एकेक नग, कुणी न नेसलेलं. आता आज कोण बाई सुती लुगडं कोरं ठेवती आन् चिंधीवाल्याला देती? जिती माणसं कोरं कापड विकत न्हाईत. मला दुसरं काय सुचणार?"

खरंच, दुसरं काय? सबंध तालुक्यात असं कापड एकाच ठिकाणी मिळतं, आणि तिनं स्वतः तिथं एक लुगडं नेऊन दिलं होतं.

"कासुर्डीचा माल हाय का त्यात?"

"हाय ना. तिथल्या मंडळाची पोरं आणून देत्यात. चांगली पोरं." चाचा थांबले. "का गं? कासुर्डीला कोण हाय तुझं?"

"माहेर," स्वप्नाली म्हणाली.

मग बराच वेळ चाचा फक्त "या अल्ला, या अल्ला" एवढंच म्हणत राहिले, अगदी हळू, फोनला नव्हे, स्वतःशीच. तिनंच फोन ठेवला.

फोन, कासुर्डीला

भाऊ इंद्रजीत. आवाज नेहमीसारखा, सभेत बोलतो तसा.

"अगं, ठरावच केलाय ना मंडळानं. मयताचं कापड कालव्यात टाकायचं न्हाई. आधी काय व्हायचं, सरणावर ठेवायच्या आधी सगळी कापडं काढायची आन् द्यायची पाण्यात सोडून. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला, फुटबॉलमध्ये, लुगडी अडकायची, पंप जळायचे. आता गोळा करून सिद्दीकचाचाला देतो. गावानं पैसा घेतला न्हाई हां, त्या बदल्यात चाचांनी स्मशानात बाकडं बसवून दिलं. तालुक्याला आपलं नाव झालं. पर्यावरण म्हणून."

"सरणावर ठेवायच्या आधी काढत्यात?"

"मग? जाळत्यात व्हय एवढं कापड?"

"मला वाटलं बरोबर जातं."

"तुम्ही बायका कुठं येता तिथपर्यंत. पहिल्यापासनं काढत्यातच."

"आईचं?"

"आईपासनंच सुरुवात केली," इंद्रजीत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा ओल आली. "ठराव माझा, मग सुरुवात आपल्या घरापासनं नको का? सगळ्यांसमोर मी माझ्या हातानं गोळा केली. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ताई."

ती सांगणार होती. जांभळं, निम्मं, सपाता. तोंड उघडलंही होतं.

"बरं," ती म्हणाली.

शेड

फोन संपवून ती आत आली तेव्हा मशिनी बंद होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये फोनवरचं बोलणं लपत नाही.

"म्हंजी तुला माहीत नव्हतं," झुंबरबाई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"तुम्हाला होतं?"

झुंबरबाईनं रशिदाकडं बघितलं, रशिदानं सुईकडं.

"पहिला गठ्ठा फोडला तवाच घडीतनं गुलाल सांडला," झुंबरबाई म्हणाली. "मयताचा गुलाल आन् मिरवणुकीचा गुलाल कळत न्हाई व्हय या वयात? मी म्हणलं, मालकिणीनं आणलंय, तिला ठाऊक असणार. शिकलेली हाय, हिला कशाचं काय न्हाई."

"मी म्हणलं, तुमच्यात चालत असंल," रशिदा म्हणाली. "आमच्यात कफन बरोबरच जातं, कुणाच्या हाताला लागत न्हाई. झुंबरआत्या गप्प, म्हणून मी गप्प. आपण कशाला विचारायचं?"

"आन् तुम्ही शिवत राहिलात."

"शिवत राहिलो."

स्वप्नाली खाली बसली. जमिनीवरच, कापडाच्या तुकड्यांत. तिला आतापर्यंत वाटत होतं की जगात फक्त तिलाच एक भयंकर गोष्ट ठाऊक आहे. आणि ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, जेवणाच्या डब्यासारखी ती त्या रोज सोबत घेऊन बसत होत्या. ठाऊक नव्हतं ते तिलाच एकटीला.

"हे माझ्या आईचंय," ती म्हणाली आणि टेबलाकडं बोट केलं. "मी घातलेलं. हे बघा, मी दातानं फाडलेलं."

रशिदाचा हात तोंडावर गेला. झुंबरबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवत टेबलापर्यंत आली, भोकात बोट घातलं, काढलं.

"मी कापलं याचं निम्मं," ती म्हणाली. "माझ्या हातानं. कुशाबाईचं." आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, जे शेडमध्ये कधी झालेलं नव्हतं.

नंतर तिनं माळ्यावरून एक गोणी ओढून काढली. ती स्वप्नालीसमोर उपडी केली. हिरवे, तांबडे, निळे, काळे, बुट्ट्यांचे, चौकड्यांचे पदर. नुसते पदर.

"हे काय?"

"पदर डोक्यावरचा असतो. त्याला पायाखाली घालण्याएवढी मी अजून उतरली न्हाई. प्रत्येक लुगड्याचा आधी पदर काढून ठेवती, मग बाकीचं कापती. तुझ्या मापात कमी पडायला लागलं तवा तू म्हणालीस कापड चोरीला जातंय का. चोरी न्हाई, हे हाय."

जांभळा पदर शोधायला वेळ लागला नाही. तो स्वप्नालीनं उचलला आणि मांडीवर ठेवला. त्याच्यावर डोकं टेकावं असं तिला वाटलं, पण सगळ्या बघत होत्या.

"बंद करते मी हे," ती म्हणाली. "मॅडमला सांगते, माल मिळणार न्हाई."

"आन् आम्ही काय करायचं?" झुंबरबाईचा आवाज परत जागेवर आला. "परत शिक्रापूरचा टेम्पो? अंधारात रस्त्यावर उभं राहायचं, टेम्पोत उभ्यानं जायचं, कंपनीत उभ्यानं पॅकिंग करायचं, उभ्यानं परत यायचं. बस म्हणणारं कुणी न्हाई. इथं निदान बसून काम हाय. मेलेलीला पाय लागंल म्हणून जित्या बायांनी जल्मभर उभं राहायचं का?"

"आत्या, माझी आई हाय ती."

"म्हणून तर तुलाच विचारती. दुसऱ्या कुणाची असती तर कापून मोकळी झाली असती."

रशिदा मधे म्हणाली, "मॅडमला आधी विचारा तरी. ती जांभळी परत देती का."

"आन् मला आत्ताच सांगून ठेवती," झुंबरबाई मशीनवर परत बसताना म्हणाली, "मी गेले की माझ्या अंगावर नायलॉनचं आणा. हिच्या कात्रीला लागायला नको."

रशिदा हसली, आणि आपण हसलो म्हणून घाबरून स्वप्नालीकडं बघायला लागली. स्वप्नालीही हसत होती. तिला ते थांबवता येईना. ते हसणं कुठल्या क्षणी दुसरं काहीतरी झालं ते कुणालाच कळलं नाही.

हायवे

भीमेचा पूल. केडगाव चौफुला. डावीकडं उसाच्या ट्रॉल्या, उजवीकडं कंटेनर. स्कूटीवर तिच्या डोक्यात एकच हिशोब: जांभळ्या जेवढ्या असतील तेवढ्या मागायच्या. आणि कारण काय सांगायचं? माप चुकलं. रंग जातो. मुंग्या लागल्या. काहीही. खरं सोडून काहीही. खरं सांगितलं की ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की टेम्पो. नाही सांगितलं तर आईचं लुगडं

आईचं लुगडं

यवत आलं, ते दुकान आलं. दारात बाहुलीला नऊवारी नेसवली होती. तिनं तिकडं बघितलं नाही.

कंपोस्ट

प्रांजलचं ऑफिस गार होतं. टेबल काचेचं नव्हतं, लाकडी, पुढून बंद. तिनं स्वप्नालीला पाणी दिलं, लिंबू घातलेलं.

"जांभळ्या परत? पण त्या वापरून झाल्या, स्वप्नालीताई."

"असू देत. धुतल्या नसल्या तरी चालतील."

"धुवत नाही आपण. एक पाहुणा, एक जोडी. तो गेला की जोडी कंपोस्टला."

"कशाला?"

"खतात. मागं खड्डा आहे ना, किचनचा कचरा, बागेतला पाला. म्हणूनच तर प्लॅस्टिक नको म्हटलं. सस्टेनेबल म्हणजे तेच, वापरून झालं की मातीत परत गेलं पाहिजे."

स्वप्नाली ग्लास धरून बसली. टिकाऊ. दुहेरी शिवण, पट्ट्यापाशी तिहेरी. एका रात्रीसाठी.

"आम्हाला वाटलं, टिकायला पाहिजे," ती म्हणाली.

प्रांजल मनापासून हसली. "हो, माळी तक्रार करतोय. म्हणतो, भाजी कुजते, पाला कुजतो, ह्या सपाता काही कुजत नाहीत."

म्हणजे त्या अजून तिथं होत्या. कांद्याच्या सालींत, उष्ट्या भातात. जळाल्या नव्हत्या आणि कुजतही नव्हत्या.

"बरं झालं आलात," प्रांजलनं लॅपटॉप वळवला. "अभ्रे आणि झग्यांची पण ऑर्डर वरून पास झालीय. फक्त एक राहिलंय, टॅग. प्रत्येक जोडीला छोटा कागद, कापड कुठून आलं त्याची गोष्ट. पाहुण्यांना आवडतं. तुमचा सोर्स काय आहे नक्की? कुठली मिल?"

सांगायचं ठरवलेलं सगळं तिच्या तोंडात तयार होतं. माप. रंग. मुंग्या. इचलकरंजीची एक मिल.

"मयताच्या अंगावरचं आहे," स्वप्नाली म्हणाली.

प्रांजलला आधी समजलं नाही. मग समजलं. मग स्वप्नालीनं पुढचं सांगितलं: प्रत्येक नातेवाईक लुगडं आणतो, अंगावर घालतात, सरणावर ठेवायच्या आधी काढतात. पूर्वी कालव्यात जायचं, आता चिंधीवाल्याकडं जातं. बोलताना ती प्रांजलच्या चेहऱ्याकडं बघत होती. आता ओरडेल. आता उठेल. आता म्हणेल, चालत्या व्हा.

प्रांजलचे डोळे मोठे झाले. आणि मग ते चमकायला लागले.

"म्हणजे कुणीच नेसलेलं नाही. आणि पाण्यात जाण्यापासून वाचवलेलं." ती टाइप करायला लागली. "हे... टेक्निकली हे डेडस्टॉकच आहे की. ताई, ही तर फार मोठी गोष्ट आहे. असं कुणाकडेच नसेल. 'स्थानिक परंपरेतून वाचवलेलं वस्त्र.' कसं वाटतं?"

सगळ्या दिवसात, भोक दिसल्यापासून, स्वप्नालीला एवढा धक्का बसला नव्हता. चाचा हादरले होते, झुंबरबाई गप्प झाली होती. ही मुलगी खूश झाली होती.

"तसं नका लिहू," ती म्हणाली.

"मग कसं?"

"खरं लिहा. लिहा, हे कापड कासुर्डीच्या मेलेल्या बाईच्या अंगावर घातलं होतं. तिच्या लेकीनं घातलं होतं. नाव लिहा. कुशाबाई. बाळंतपणं करायची गावातली. गुडघे दुखायचे. जांभळा रंग आवडायचा म्हणून जांभळं घेतलं. लिहा, आणि तो कागद त्या सपातांना लावा, आणि पाहुण्यांना म्हणावं, घाला पाय."

की-बोर्डवरची बोटं थांबली.

"कुशाबाई कोण?" प्रांजलनं विचारलं, पण तोपर्यंत तिला कळलं असावं, कारण ते तिनं फार हळू विचारलं.

"आई माझी."

आणि मग टेबलाखालून एक बारीकसा आवाज आला, कापड फरशीवर घासल्याचा. प्रांजल खुर्चीत किंचित मागं सरकली होती. चेहरा तोच ठेवून, नजर लॅपटॉपवर ठेवून, ती खाली काहीतरी करत होती.

स्वप्नाली वाकली.

गार फरशीवर प्रांजलचे उघडे पाय एकमेकांवर चढवलेले होते, आणि त्यांच्यापासून हातभर लांब, नुकत्याच ढकललेल्या, एक जोडी जांभळी.

"मी एक ठेवून घेतली होती," प्रांजल म्हणाली. तिचा आवाज आता मुलीचा झाला होता. "खूप मऊ होती. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

"मलाबी नव्हतं."

दोघी त्या जोडीकडं बघत राहिल्या. उचलायला कुणाचाच हात पुढं जाईना.

"मग ऑर्डर?" प्रांजल म्हणाली.

"तुमच्या फाटक्या चादरी असतील, टॉवेल असतील. सुती. त्या द्या. त्यांच्या शिवते."

"वापरलेलं वरच्यांना चालत नाही, ताई. त्यावर कुणी कुणी झोपलेलं असतं."

"जितीच ना?"

प्रांजलनं लॅपटॉप मिटला. "विचारते," ती म्हणाली. "खात्री नाही देत. पण विचारते."

स्वप्नाली टेबलाला वळसा घालून गेली, खाली बसली आणि जोडी उचलली.

दार

आणि उचलल्यावर तिला कळेना, धरायची कशी.

चपला म्हणून धरायच्या, तर दोन बोटांत, लांब, अंगाला लागू न देता. लुगडं म्हणून धरायचं, तर छातीशी. ती कॉरिडॉरभर एकदा अशी, एकदा तशी करत चालली. वरचं कापड आईचं, खालचा तळ शेडमधला, आतला घाम परक्या मुलीचा. स्कूटीच्या डिकीत आधीच तिच्या स्वतःच्या जुन्या चपला आणि एक पाना होता. पायाजवळ ठेवायच्या नाहीत. मांडीवर चपला घेऊन हायवेवरून जायचं, तर लोक काय म्हणतील याची तिला आज पर्वा नव्हती, पण मांडीवर चपला तिलाच चालणार नव्हत्या.

गेटवरच्या वॉचमननं बघितलं. "ताई, हातात कशाला धरल्यात? घाला की पायात."

ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. तो बिचारा वरमला.

"दादा, ब्लेड आहे का?"

"दाढीचं हाय. जुनं."

"द्या."

ती गेटजवळच्या पायरीवर बसली, एक सपात उलटी केली, आणि पट्टा तळाला मिळतो तिथली पहिली शिवण शोधली. रशिदाचा हात. तिहेरी. ब्लेडचं टोक घालून तिनं एक टाका तोडला. तो तुटायला बराच वेळ लागला. मग दुसरा.